नाचता येतं, वाचता येत नाही : अमेरिकी शहरातल्या कला-चार्टर शाळेत अभ्यास कसा वर काढायचा

सातवीतली मुलगी. शाळेच्या नाटकात तिचं दीड पानांचं स्वगत होतं आणि ते तिनं असं म्हटलं की मागच्या रांगेतल्या पोरांची कुजबुजसुद्धा थांबली. दुसऱ्या दिवशी मी तिला विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितला. तिसऱ्या शब्दाला अडली, पुढचं सगळं अंदाजपंचे. मग कळलं, स्वगत तिनं मावशीच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं आणि ऐकून ऐकून पाठ केलं होतं. दोन वर्षं ती आमच्याकडे होती आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात, कलांवर भर देणाऱ्या चार्टर शाळेत काम करते. आधी गणित शिकवलं, आता इतर शिक्षकांबरोबर बसून पाठ आखते. ओळखीतली मराठी मंडळी अधूनमधून विचारतात : कुणाचं मूल अशा शाळेत असतं, कुणाला संचालक मंडळावर बोलावलेलं असतं, कुणाला शनिवारी जाऊन शिकवायचं असतं. त्या सगळ्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगत आले, ते इथे सलग लिहिते.

चार्टर शाळा म्हणजे आपल्या खासगी अनुदानित शाळेची लांबची मावसबहीण. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार स्वतंत्र मंडळाचा. पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्यात झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. मोठा फरक म्हणजे सनद (म्हणजेच ‘चार्टर’, शाळा चालवायची परवानगी) ठरावीक मुदतीची असते, बहुतेक ठिकाणी पाचेक वर्षांची. निकाल दिसला नाही तर नूतनीकरण नाकारून शाळा बंद करता येते. आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की साधारणपणे सोडत निघते, आपल्या आरटीईसारखी. काही कला-शाळांना ऑडिशन घ्यायची मुभा असते, आमच्यासारख्यांना नसते. त्यामुळे ‘कला-चार्टर म्हणजे निवडून घेतलेली पोरं’ हा समज आधी सोडा. नाचायला मिळेल म्हणून आलेली मुलं असतात आणि त्यांतली पुष्कळ वाचनात दोन-तीन इयत्ता मागे असतात.

आधी एक भ्रम काढून टाका

‘संगीत शिकलं की गणित सुधारतं’ हे वाक्य आमच्या शाळेच्या माहितीपत्रकावरही होतं. पुरावा इतका उदार नाही. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधन-गटातल्या एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली आधीच्या संशोधनांचा एकत्र हिशेब मांडला. कार्यकारणाचा भरवशाचा संबंध त्यांना तीनच ठिकाणी सापडला. दोन ठिकाणं संगीत आणि अवकाशीय विचार यांच्यातली, तिसरं वर्गातलं नाट्य आणि भाषिक कौशल्यं यांच्यातलं. ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांतल्या दहा हजारांहून अधिक मुलांवर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुठल्या शाळेला जादा कला मिळणार हे नशिबावर सोडून, अभ्यास झाला. तो २०१९ साली आला. कला वाढवलेल्या शाळांत शिस्तभंगाच्या नोंदी ३.६ टक्के-अंकांनी कमी झाल्या, लेखनाचे गुण थोडे वाढले (०.१३ प्रमाण विचलनानं), मुलांमधली कणव वाढली. वाचन-गणिताच्या गुणांत मात्र ठोस फरक दिसला नाही.

याचा अर्थ मी असा लावते : कला मुलांना शाळेत टिकवते, मन लावायला शिकवते, लिहायला काहीतरी देते. वाचन आणि गणित तरीही वेगळं शिकवावं लागतं. कलेच्या वर्गातून उसनं घ्यायचं ते तालमीची पद्धत. रोज थोडं, चूक तिथल्या तिथे दुरुस्त, पुन्हा तेच, आणि शेवटी लोकांसमोर उभं राहायची तारीख. आमच्या नृत्यशिक्षिकेकडे हे सगळं होतं आणि तिच्या शेजारच्या गणिताच्या वर्गात यातलं काहीच नव्हतं.

पहिले चार आठवडे : मूल नेमकं कुठे अडतं ते शोधा

राज्याच्या परीक्षेचा निकाल हातात असतो. २०१५ च्या संघीय कायद्यानुसार तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा होते, हायस्कूलमध्ये एकदा. पण तो निकाल शवविच्छेदनाच्या अहवालासारखा असतो, उशिरा येतो आणि उपचार सांगत नाही. ‘वाचनात कच्चा’ ही माहिती नाही. अक्षरांचे उच्चार जुळत नाहीत, की जुळतात पण फार हळू, की भराभर वाचतो आणि अर्थ लागत नाही? तिघांना तीन वेगळी औषधं लागतात.

म्हणून प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून एक मिनिट मोठ्यानं वाचायला लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. जॅन हॅसब्रुक आणि जेराल्ड टिंडल यांचे तक्ते यासाठी वापरतात. तिसरीच्या अखेरीस मधल्या मुलाचे मिनिटाला ११२ शब्द होतात, पाचवीच्या अखेरीस १४६. आमच्या त्या सातवीतल्या मुलीचे ६४ झाले होते. जी मुलं अशी मागे पडतात त्यांना निरर्थक शब्द वाचायला द्या, जे पाठ असणं शक्यच नाही. तिथे खरं कळतं.

इथे मराठी स्वयंसेवकांसाठी एक सांगते, कारण मी स्वतः यात अडखळले होते. आपण ज्या लिपीत वाढलो ती बरीचशी जशी लिहितात तशी वाचतात. बाराखडी आली की वाचन आलं. इंग्रजीत ‘थ्रू’, ‘दो’ आणि ‘टफ’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं (ough) असतात. घरी-दारी फाडफाड इंग्रजी बोलणारं बारा वर्षांचं मूल वाचताना का अडखळतं हे आपल्याला कळत नाही आणि आपण त्याला आळशी ठरवतो. त्याला कुणी नियम शिकवलेलेच नसतात.

हजेरी

शाळेचे १८० दिवस. त्यातले दहा टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले की मूल ‘सतत गैरहजर’ गणलं जातं. महिन्याला दोन दिवस. पालकांना ते दिसतही नाहीत. सप्टेंबरमध्येच, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच, दोन-तीन दिवस बुडवणाऱ्यांची यादी काढा आणि त्याच दिवशी घरी फोन करा. फोन करणारी व्यक्ती मुलाला ओळखणारी हवी, आणि पहिलं वाक्य ‘तो आला नाही, बरा आहे ना?’ हे हवं. कारणं शहरी असतात : दमा, दोन बसा बदलणं, धाकट्या भावाला सोडायला दुसरं कुणी नसणं, धुतलेले कपडे नसणं. शेवटच्या कारणासाठी आम्ही कपडे धुण्याचं यंत्र बसवलं. आजवर केलेल्या खर्चांत याच्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

कला-शाळेत आणखी एक गोष्ट तपासा : कुठल्या वारी मुलं जास्त येतात. आमच्याकडे ढोलाचा वर्ग मंगळवार-गुरुवारी दुपारी असायचा. मुलं मंगळवार-गुरुवारी यायची, आणि तीही उशिरा. पुढच्या वर्षी तो वर्ग रोज सकाळी पहिल्या तासाला घेतला. शेजारच्या वर्गांनी सुरुवातीला खूप कुरकुर केली.

वेळापत्रक, म्हणजे खरं भांडण

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा थांबते.

एका वर्षी आम्ही वाचनात मागे असलेल्या अकरा मुलांना नृत्याच्या तासातून काढून वाचनाच्या खोलीत बसवलं. हेतू चांगलाच होता आणि बैठकीत माझाही हात वर होता. दिवाळीच्या सुमाराला बघितलं तर त्या अकरांतली सात मुलं त्या तासाला स्वच्छतागृहात, नर्सकडे किंवा घरी असायची. वाचन जिथल्या तिथे. वर नृत्य बुडालं म्हणून डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांना मागच्या रांगेत टाकलं. ज्या एका गोष्टीत ती हुशार होती तीच आम्ही काढून घेतली आणि म्हटलं, आता अभ्यास कर.

तेव्हापासूनचा नियम : अभ्यासासाठी कलेचा तास काढायचा नाही, आणि शिक्षा म्हणूनही नाही.

मग वेळ आणायचा कुठून? सगळ्या शाळेसाठी एकाच वेळी ४० मिनिटांची एक तासिका काढा. आम्ही तिला ‘गरजेचा तास’ म्हणतो. त्या वेळात प्रत्येक मूल कुठेतरी जातं : कुणी वाचनाच्या छोट्या गटात, कुणी गणिताच्या, पुढे असलेलं मूल स्वतःच्या प्रकल्पावर. सगळेच हलतात, त्यामुळे ‘ढ मुलांची खोली’ असा शिक्का बसत नाही. ही ४० मिनिटं आम्ही सकाळची घोषणा-सभा, वर्ग बदलतानाची रेंगाळ आणि दुपारचा ‘स्वयंअध्ययन’ नावाचा टाइमपास यांतून काढली. कागद घेऊन एका मुलाच्या मागे दिवसभर फिरा आणि दर पाच मिनिटांनी ते काय करतंय ते लिहा. वेळ सापडतो.

गट तीन-चार मुलांचा, आठवड्यातून किमान तीनदा, शाळेच्या वेळातच, आणि शिकवणारी व्यक्ती वर्षभर तीच. यातली एक अट जरी ढिली केली तरी शिकवणीचा परिणाम पातळ होतो. शनिवारी दोन तास येणारा उत्साही स्वयंसेवक मला आवडतो, पण त्याच्या भरवशावर योजना आखत नाही. ज्या मुलाला शिकवायची सर्वांत जास्त गरज असते ते शनिवारी येत नाही.

विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या वैयक्तिक आराखड्यात लिहिलेली मिनिटं कायद्यानं बंधनकारक असतात. चार्टर शाळेलाही त्यातून सूट नाही. वेळापत्रक भरताना आधी ती मिनिटं टाका, मग ऑर्केस्ट्रा. आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं आणि नोव्हेंबरमध्ये अख्खं वेळापत्रक फाडून पुन्हा मांडलं.

वाचन : संहिता हातात, पाठांतर बंद

ज्यांचे उच्चार-नियमच कच्चे आहेत त्यांना ते नियम क्रमानं शिकवावेच लागतात, मूल तेरा वर्षांचं असलं तरी. तिथे कला कामाची नाही, उगाच घुसडू नका. पण ज्यांना शब्द जुळवता येतात आणि गती नाही, त्यांच्यासाठी नाटकाइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. गतीसाठी तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. एरवी कुठलं मूल तोच उतारा आठ वेळा वाचेल? तालमीत वाचतं.

आमचा आठवडा असा जातो. सोमवारी शिक्षक दोन पानांची संहिता मोठ्यानं वाचतात, मुलं बोट ठेवून बघतात, अवघड शब्द फळ्यावर फोडले जातात. मंगळवारी सगळ्यांनी एका सुरात. बुधवारी जोडीनं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची खूण करायची. शेवटी एक मिनिटाची मोजणी. गुरुवारी उभ्यानं तालीम. शुक्रवारी खालच्या इयत्तेसमोर प्रयोग. नियम एकच, आणि तो मोडायला मुलं सतत टपलेली असतात : संहिता हातातून सोडायची नाही. पाठ झालं की डोळे कागदावरून उठतात आणि वाचन संपतं. आमची स्वगतवाली मुलगी नेमकी तिथेच निसटली होती.

अर्थ समजण्यासाठी दिग्दर्शकाचा प्रश्न चोरा. ‘हे वाक्य तू चिडून का म्हणालास? कुठल्या ओळीवरून ठरवलंस? दाखव.’ राज्याच्या परीक्षेत ‘उताऱ्यातला पुरावा द्या’ म्हणून जो प्रश्न येतो, तो हाच. आमच्या भाषेच्या शिक्षकांनी तो नाट्यशिक्षकाच्या तोंडून ऐकला आणि त्याच शब्दांत वर्गात विचारायला सुरुवात केली. मुलांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही, दोन खोल्यांतली भाषा तेवढी एक झाली.

गणित : तिहाईचा तास

आधी एक तक्रार. पिझ्झाचं चित्र रंगवून त्याचे आठ भाग केले की अपूर्णांक येतात, हे खोटं आहे. रंगकाम होतं. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कला-केंद्राची कला-एकात्मिक शिक्षणाची व्याख्या यासाठी उपयोगी पडते : कला आणि विषय, दोन्हींची उद्दिष्टं एकाच पाठात पुढे सरकली पाहिजेत. पाठ आखताना मी दोन ओळी लिहायला लावते, आज कलेत काय नवीन शिकणार आणि गणितात काय नवीन. एक जरी ओळ रिकामी राहिली, तरी तो पाठ मोडून दोन साधे पाठ करा. साधा पाठ वाईट नसतो.

दोन्ही ओळी भरणारा माझा आवडता पाठ आपल्याकडचाच आहे. मी तबला फार शिकलेले नाही, ठाण्यात चारेक वर्षं, तेवढं पुरलं. मुलांना तीनतालाच्या सोळा मात्रा टाळ्या देत मोजायला लावल्या. मग सांगितलं, तोच तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये सारखेच दोन थांबे घ्यायचे, आणि शेवटची मात्रा पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडली पाहिजे. हीच तिहाई. समेपासून निघून समेवर यायचं म्हणजे १७ मात्रा. फळ्यावर लिहिलं : ३ गुणिले तुकडा अधिक २ गुणिले थांबा बरोबर १७. शोधा.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट. मग एका कोपऱ्यातून ‘पाच आणि एक!’ टाळ्या वाजवून पाहिलं, बरोबर समेवर. मग तीन आणि चार. मग एक आणि सात, जो वाजवताना सगळे हसले, कारण थांबाच इतका लांब. चार मात्रांचा तुकडा कुणालाच बसवता येईना. ‘का नाही बसत?’ या प्रश्नावर वीस मिनिटं गेली आणि शेवटी एकानं कारण फळ्यावर मांडलं : चारची तिप्पट सम, दोन थांबे मिळून सम, आणि १७ विषम. सम संख्येचा तुकडा समेवर येत नाही, हे मराठीतलं सुख मी एकटीनंच अनुभवलं. घरी करायला रूपक दिला, सात मात्रांचा. तिथे बेरीज आठ लागते आणि सगळं उलटतं, विषम तुकडा चालत नाही, दोनाचा चालतो.

मात्र, दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर बारा समीकरणं सोडवायला दिली. तिहाईनं समीकरण म्हणजे काय ते कळलं. हात बसला तो त्या बारांमुळे. रियाजाशिवाय गळा तयार होत नाही हे संगीतशिक्षकाला सांगावं लागत नाही, गणिताच्या शिक्षकाला का लागावं, कळत नाही.

लेखन : भिंतीवर कच्चा खर्डा

चित्रकलेच्या वर्गात अर्धवट चित्रं भिंतीवर लावून सगळे त्यावर बोलतात. निबंधाच्या वर्गात अर्धवट निबंध थेट शिक्षकाच्या पिशवीत जातो आणि आठवड्यानं लाल होऊन परत येतो. आम्ही खर्डे भिंतीवर आणले. बोलायचे नियम चित्रकलेच्या शिक्षिकेनं घालून दिले : आधी काय दिसतं ते सांगा, मग कुठे अडखळलात ते, ‘आवडलं’ आणि ‘छान’ बंद. आणि त्याच दिवशी वीस मिनिटं दुरुस्तीला, नाहीतर चर्चा हवेत विरते. पहिल्या खेपेला शिक्षकानं स्वतःचा खर्डा लावावा. माझ्या खर्ड्याबद्दल सहावीतल्या मुलानं सांगितलं, ‘तिसऱ्या वाक्यानंतर तुम्ही तेच परत म्हणताय.’ म्हणत होते.

शिक्षक, मंडळ आणि एक खबरदारी

कलाशिक्षक आणि विषयशिक्षक यांना आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं एकत्र रिकामी मिळाली पाहिजेत, वेळापत्रकात छापलेली. टेबलावर मुलांचं काम ठेवायचं आणि फक्त त्यावर बोलायचं. सहलीची बस, प्रोजेक्टर, पार्किंग हे विषय ईमेलवर. बाहेरून येणारे कलाकार मानधनावर असतात, त्यांना या बैठकीचे पैसे द्या. नाही दिले तर ते येणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मंडळावर असाल तर दर तिमाहीला चार आकडे मागा : सतत गैरहजर मुलांचं प्रमाण, वाचनाच्या गतीत मागे असलेल्यांपैकी किती जण पुढे सरकले, गणितात तेच, आणि किती शिक्षक सोडून गेले. सरासरी मागू नका. इंग्रजी नव्यानं शिकणारी, विशेष शिक्षणातली, अशा गटांनुसार मागा. सरासरीच्या आड बरंच काही लपतं. सनद नूतनीकरणाच्या वेळी हेच प्रश्न येतात, तेव्हा पहिल्यांदा ऐकले तर उशीर झालेला असतो.

यशाच्या गोष्टी ऐकताना जरा सावध असा. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातल्या ऑर्चर्ड गार्डन्स शाळेची गोष्ट खूप फिरते : २०१० मध्ये नवे मुख्याध्यापक अँड्र्यू बॉट आले, सुरक्षारक्षक काढून तो पैसा कलाशिक्षकांवर लावला आणि शाळा सुधारली. खरी आहे. पण त्याच काळात बहुतेक शिक्षकही बदलले आणि शाळेचा दिवसही लांबवला, हे सांगताना गाळलं जातं. एकट्या रंगाच्या डब्यानं ते झालं नाही.

तारखा

शेवटचं काम खरं तर ऑगस्टमध्येच करायचं असतं. भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावा. आधी राज्याच्या परीक्षेचे दिवस लाल रंगानं भरा, ते बहुधा वसंतात येतात. मग वार्षिक संगीतनाटकाची तारीख बघा. आमच्याकडे रंगीत तालमीचा आठवडा, ज्यात मुलं रात्री नऊपर्यंत मंचावर असायची, सलग तीन वर्षं गणिताच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पडत होता. कुणी ठरवून केलं नव्हतं. सभागृह त्या तारखांना स्वस्त मिळायचं, एवढंच. आता नाटक मेच्या शेवटी असतं, सभागृहाचे थोडे जास्त पैसे जातात. आणि मध्यंतरात, पालक बटाट्याचे वेफर घेऊन उभे असतात तेव्हा, पाचवी ते आठवीची मुलं वर्षभराचे निबंध घेऊन दारापाशी बसतात आणि ज्याला हवा त्याला वाचून दाखवतात. ती सातवीतली मुलगी आठवीत गेल्यावर तिथे बसली होती. मावशी ऐकायला आली होती. मुलीनं मध्येच दोनदा अडखळून, मागे जाऊन, ते वाक्य पुन्हा वाचलं.